'काळी बुरशी' म्हणावं तर लोक भलतंच समजतात

उचगाव रोड
अडलेय. एका दवाखान्यासाठी शेतकऱ्यांचं माहितीपत्रक मराठीत करतेय. विषय डेमॅटिएशियस बुरश्या, म्हणजे ज्यांच्या पेशीभित्तीतच मेलॅनिन असतं आणि म्हणून ज्या तपकिरी-काळ्या दिसतात त्या, आणि त्यांच्यामुळं होणारे कातडीचे रोग. कन्नड बाजूला 'कप्पु शिलींध्र' लिहून ते मोकळे झालेत. मीही 'काळी बुरशी' लिहिलं. शेजारच्या काकांना वाचायला दिलं, तर पहिल्याच ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "कोविडात डोळं काढाय लागत होतं ते हेच न्हवं?" पत्रक पायात काटा मोडण्याबद्दल आहे! दुसरा शब्द सुचवा. 'कृष्णकवक' कसा वाटतो?

लॅबवाला
काकांचं काही चुकलं नाही. २०२१ मध्ये पेपरवाल्यांनी ज्याला काळी बुरशी केलं तो म्युकरमायकोसिस. म्युकर स्वतः काळा नसतोच. त्याचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली रुंद आणि बिनरंगी दिसतात. तो रक्तवाहिन्यांत घुसतो, रक्त पोचत नाही, मांस मरतं, आणि ते मेलेलं मांस काळं पडतं. खरी काळी ती तुमची. पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीवर काळे डाग चढतात ना, त्यातही हीच जमात असते.

निवृत्त मास्तर
कृष्णकवक उत्तम. बुरशी म्हणजे शिळ्या भाकरीवरची, शास्त्रीय लेखनात ती नको. 'कवक' मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांद्याच्या पंगतीत निषिद्ध म्हणून आलाय, इतका जुना शब्द आपण टाकून का द्यावा?

तिसरं रेल्वे गेट
मास्तर, मनूनं खाऊ नका म्हटलं ती अळंबी. आईला आत्ताच 'कृष्णकवक' वाचून दाखवला. ती म्हणाली, "कृष्णकवच? कुठल्या वारी म्हणायचं?"

जांबोटीकडचा
शब्दाचं नंतर बघू, आधी आजोबांचं सांगतो. भाताची शेती, जन्मभर अनवाणी. घोट्याच्या वर काटा मोडला. काटा निघाला, जागा तशीच राहिली. आधी मसासारखं होतं, आठ-दहा वर्षांत फुलकोबीचा गड्डा चिकटवल्यासारखं झालं. घरात सगळे 'कुरूप' म्हणायचे, दुसरा शब्दच नव्हता. आजोबा पडवीत बसून ब्लेडनं तासायचे आणि मी बॅटरी धरायचो. त्या खरबरीत कातडीवर मिऱ्याची पूड सांडल्यागत काळे ठिपके होते, ते मला अजून दिसतात. दुखायचं नाही, नुसतं खाजायचं. "दुखूलालंय व्हय? मग डाक्टर कशाला गा?" शेवटी बेळगावातल्या एका डॉक्टरांनी नेमके ते ठिपकेच खरवडून घेतले. निघालं क्रोमोब्लास्टोमायकोसिस, म्हणजे तुमच्या पत्रकातल्या काळ्या बुरशीनं होणारा कातडीचा रोग. वर्षभर इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध खाल्लं. आजोबांनी ते नाव कधी उच्चारलं नाही. 'त्ये क्रोमचं' म्हणायचे, सायकलच्या हँडलला म्हणावं तसं.

लॅबवाला
डॉक्टर जाणते होते. बुरशी आतून बाहेर ढकलली जाते ती त्या ठिपक्यांत सापडते. खरवड पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवली की तांब्याच्या नाण्यांसारख्या गोल तपकिरी पेशी दिसतात, मधे आडव्या-उभ्या भिंती. रंग घालायचीही गरज नाही, रंग तिचा तिलाच असतो. मदुरा पाय मात्र वेगळा. त्यात पाय सुजतो, छिद्रं पडतात आणि पुवातून कण येतात, तेही पुष्कळदा काळे. तो बुरशीचा रोग आहे हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या व्हॅनडाइक कार्टरनं मांडलं, 'मायसेटोमा' हे नावही १८६० च्या सुमारास त्याचंच. तरी लोकांच्या तोंडी मदुराच राहिलं.

निपाणीची पेठ
'काजळी' घ्या की! आंब्यावर तुडतुडे पडले की त्यांच्या चिकट्यावर काजळी धरते, ती काळी बुरशीच. बोटानं पुसून बघितलेली असते प्रत्येकानं. उसाच्या काणीला कानडीत 'काडिगे रोग' म्हणतात, आणि काडिगे म्हणजे काजळ. मराठी-कानडी दोघांनाही कळेल असा शब्द आयता पडलाय.

लॅबवाला
शब्द गोड आहे, पण मग उद्या लोक आंब्याखाली जायला भितील. झाडावरची काजळी माणसाला हा रोग देत नाही.

निवृत्त मास्तर
आणि काजळी दिव्याची असते. एकाच शब्दावर किती ओझी लादणार? परिभाषा नेमकी हवी.

तिसरं रेल्वे गेट
नेमकी? त्यांच्या 'डेमॅटिएशियस'चं मूळ बघा. ग्रीक 'देमा' म्हणजे बांधलेली जुडी, मोळी. काळेपणाशी काडीचा संबंध नाही. तंतूंच्या जुडीवरून नाव पडलं, रंग त्याला मागाहून चिकटला. त्यांचं मोळीवर भागलं, आपण मात्र सोवळं नेसून बसायचं.

जांबोटीकडचा
माझं एक मत. अंगावरचा 'मस' हा कानडी 'मसि'वरून आला असणार. मसि म्हणजे काजळी, शाई. रोग मसासारखा, बुरशी काळी. 'मसबुरशी' म्हणा, दोन्ही आलं.

निवृत्त मास्तर
मस हा संस्कृत 'मशक'वरून. आणि मसि तर संस्कृतातच आहे, कानडीनं तिथून उचलला.

निपाणीची पेठ
आलं! मास्तरांच्या हिशेबानं कानडी माणूस संस्कृत येईपर्यंत मुकाच होता. तव्याखालच्या मशीला पण त्याच्याकडं शब्द नव्हता काय? मग 'अळंबे'चं सांगा. कानडीत 'अणबे'. कुणी कुणाचं घेतलं?

उचगाव रोड
मंडळी, पत्रक उद्या प्रेसला जातंय. सध्या 'काटा मोडल्यावर होणारी काळी बुरशी' असं घातलंय. काकांना परत दाखवलं. म्हणाले, "म्हंजे काट्यानं पण डोळं जातंय?"

निवृत्त मास्तर
अळंबे आपलंच. त्यांनी ळ चा ण केला.

निपाणीची पेठ
ळ काय कानडीला जड जातो? बेळगाव शब्दात काय आहे बघा जरा!