नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को: खरं अंतर किती, वेळ किती?

धरमपेठ_०७: आईबाबांचं तिकीट काढायचं आहे. एक साइट १३,१०० किमी दाखवते, दुसरी १५,८००. तिकिटावर सकाळी निघून त्याच दिवशी सकाळी पोचणार असं दिसतं. दिल्लीहून जावं की दोह्याहून?

सोनेगाववाला: दोन्ही आकडे बरोबर आहेत भाऊ. १३,१०० म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून मोजलेलं अंतर. तसं थेट विमान नाहीच. १५,८०० हे दोहामार्गे: नागपूर-दोहा साधारण २,८४० आणि पुढे जवळपास १३,०००. दिल्लीमार्गे मात्र ८५० अधिक १२,३८०, म्हणजे १३,२३०. दिल्ली जवळजवळ वाटेवरच पडते, वळसा शे-सव्वाशे किलोमीटरचा.

पण किलोमीटरवरून वेळ काढू नका. वातावरणाच्या वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. एअर इंडियाने २०१६ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान पूर्वेकडे, वाऱ्याच्या दिशेने पॅसिफिकवरून नेलं तेव्हा अंतर वाढून १५,३०० किमी झालं, तरी ते साडेचौदा तासांत पोचलं. तिकिटावरचा वेळ गेट सुटण्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो. दिल्लीहून १६ तास धरून चाला.

धरमपेठ_०७: आणि सकाळी निघून सकाळी पोचायचं कसं?

सोनेगाववाला: उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे. दिल्लीहून पहाटे ४ ला सुटलं, १६ तास धरले की आपल्याकडे रात्रीचे ८. त्यातून साडेबारा वजा करा, तिथे सकाळचे साडेसात, तारीख तीच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत फरक साडेतेरा तासांचा.

वर्धा_रोड: अंतर सोडा, मधला थांबा किती वेळाचा ते बघा. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) घ्या. दोन वेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण नागपूरचं विमान लेट झालं की पुढचं गेलं, आणि पुढची कंपनी हात वर करते. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात हे हमखास होतं. तेव्हा दीड तासाचं कनेक्शन ज्येष्ठांना अजिबात घेऊ नका, चार-पाच तास ठेवा. देशांतर्गत विमान दिल्लीच्या टी१ ला (टर्मिनल १) उतरत असेल तर टी३ ला रस्त्याने जावं लागतं, तेही धरा.

सामानाचं: जाताना नागपूरच्या काउंटरवर टॅग हातात आला की त्यावर एसएफओ (सॅन फ्रान्सिस्को विमानतळाचा कोड) छापलंय का बघा. डीईएल (दिल्ली) असेल तर बॅग दिल्लीत उतरवून पुन्हा द्यावी लागेल. परतताना दिल्लीला बॅगा घेऊन कस्टम्स करावंच लागतं, मग नागपूरसाठी परत जमा. दोहामार्गे आलात तर ते सगळं सोनेगावलाच, म्हणजे नागपूर विमानतळावरच उरकतं, म्हणून येतानाचं मी दोहामार्गे सुचवीन.

सोनेगाववाला: सहमत. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, दोन्ही बाजूंची.