आजीच्या लुगड्याला कात्री लावू का?

फोंड्याची नवी आई:
बाळ अडीच महिन्यांचं झालं. आईने पेटीतून आजीचं लुगडं काढून दिलं, लाल चौकडीचं, सुती, शेतात नेसायची ते. धुऊन धुऊन इतकं मऊ झालंय की गालाला लावलं तर डोळे भरून येतात. कुंची आणि दुपटं शिवायचंय, पण हात धजत नाही. शिवाय डांबरगोळ्यांचा वास जात नाही.

म्हापशाची मावशी:
काप गो! पदर तेवढा अखंड ठेव, दुपट्याच्या मधोमध घे. आधी ओला पांढरा रुमाल घासून बघ. रंग उतरला तर मलमलीचं अस्तर दे, बाळाच्या अंगाला तेच लागेल. कुंचीची नाडी लांब ठेवू नको, गळ्याभोवती गुंडाळते.

डिचोलीकर:
वासाचं मनावर घ्या. नॅफ्थलीनच्या डांबरगोळ्यांमुळे काही बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते. जी-६-पी-डी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) कमी असलेल्यांना धोका जास्त. धुऊन कडक उन्हात घाला, वास पूर्ण जाईपर्यंत बाळाजवळ नको.

फोंड्याची नवी आई:
आजच भिजत घातलं. काठाला निळ्या दोऱ्याचं रफू सापडलं, आजीच्या हातचं, बारीक मुंगीसारखे टाके. तो तुकडा कुंचीच्या कपाळावर घेणार.