चेसिसवर फूड व्हॅनची बॉडी: सायलेन्सरची धग आणि स्टिअरिंग

शीटमेटल_भोसरी:
गाडी बीएस-६ डिझेल, केबिनसह चेसिस, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) ३ मीटर. सायलेन्सर डाव्या बाजूला आहे, त्याच्या वरून फ्लोअरचा १२ मिमी प्लाय जातो. मध्ये फक्त ९० मिमी जागा उरते. गिऱ्हाइकाला गॅस सिलिंडरची पेटीही डावीकडेच हवी आहे. सायलेन्सर कापून थोडा खाली घेतला तर चालेल का? आणि पायरी, मडगार्ड बसवताना स्टिअरिंगसाठी किती जागा सोडायची?

धूरनळी:
कापू नका. बीएस-६ मध्ये त्या डब्यात डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. आगेमागे तापमानाचे आणि दाबाचे सेन्सर असतात. पाइपला जादा बेंड दिला की बॅकप्रेशर (धूर बाहेर जायला होणारा अडथळा) वाढतं, सेन्सरची जागा हलली की ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) हिशेब चुकतो. साठलेली काजळी जाळताना, म्हणजे रीजनरेशनच्या वेळी, आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं.

खरा धोका गाडी थांबल्यावर असतो. चालताना वारा उष्णता नेतो. उभी राहिली की सगळी धग सरळ वर प्लायकडे जाते. प्लाय एका दिवसात पेटत नाही, पण रोज भाजून कोळसा होत जातो आणि मग कमी तापमानालाही धुमसतो. म्हणून सायलेन्सरच्या वर प्लाय नकोच. तेवढ्या भागात स्टीलचा पत्रा घाला, खाली ॲल्युमिनाइज्ड पत्र्याची शील्ड. शील्ड क्रॉस बेअररला (फ्लोअरखालच्या आडव्या पट्टीला) बोल्ट करा, सायलेन्सरला नाही. पत्रा आणि शील्ड यांच्यात किमान २५ मिमी हवा राहू द्या, पुढचं-मागचं तोंड उघडं ठेवा. साधा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा नको. जस्त ४२० अंशांच्या आतच वितळतं. आणि अंडरकोटचा फवारा मारताना सायलेन्सर झाका.

सिलिंडरची पेटी उजवीकडे घ्या, यावर तडजोड नाही. ब्रेकच्या नायलॉन नळ्या, डिझेल पाइप, हार्नेस (वायरचा जुडगा), ॲडब्लूची (धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रवाची) टाकी, सगळं धगीपासून दूर. कंपनीच्या बॉडी बिल्डर पुस्तिकेत अंतरं दिलेली असतात, आधी ती पाळा.

लॉकटूलॉक:
स्टिअरिंगचं माप गाडी सपाट उभी करून घेऊ नका. एका पुढच्या चाकाखाली १५० मिमीचा ठोकळा ठेवा, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, मग दुसऱ्या चाकाखाली तेच करा. ॲक्सल वर आला की ड्रॅग लिंकही (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) हलतो. पायरीचा ब्रॅकेट अडतो तो तिथेच. टायर, ड्रॅग लिंक आणि पॉवर स्टिअरिंगचा होस कशालाही घासता कामा नये.

वेल्डिंगला बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, ईसीयूचे कनेक्टर सोडवा. अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बॉल जॉइंट आणि बेअरिंगमधून जातो. टाय रॉड (पुढची दोन्ही चाकं जोडणारा दांडा), ड्रॅग लिंक, स्टिअरिंग कॉलम यांना वेल्डिंग नाही, आच लावून सरळ करणंही नाही.

शीटमेटल_भोसरी:
पेटी उजवीकडे घेतो. पाण्याची २०० लिटरची टाकी आणि जनरेटर मिळून ३०० किलो होतात, दोन्ही मागच्या टोकाला आहेत, मागच्या ॲक्सलपासून १ मीटर पुढे गेलेले.

लॉकटूलॉक:
म्हणजे ॲक्सलच्या मागे १ मीटर ना? मग ३०० × १ ÷ ३ = १०० किलो पुढच्या ॲक्सलवरून उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागतं, ओल्या रस्त्यावर गाडी वळण धरत नाही, पुढचे ब्रेक लवकर लॉक होतात. टाकी दोन्ही ॲक्सलच्या मधे घ्या, आत आडवे पत्रे टाका, अर्धी भरली की पाणी हेलकावे खातं. मागचा ओव्हरहँग (मागच्या ॲक्सलच्या मागे जाणारा भाग) व्हीलबेसच्या ६० टक्क्यांत, म्हणजे तुमच्याकडे १.८ मीटरपर्यंतच. बॉडी झाली की वजनकाट्यावर फक्त पुढची चाकं चढवून वजन घ्या, एकदा टाकी रिकामी आणि एकदा भरलेली.