शब्दचर्चा : त्यांचा पंटर, आपला पंटर

प्रश्नकर्ती :
ब्रिटनमधल्या घडामोडींचं एक छोटं टिपण मी मराठीत करते. घोड्यांच्या शर्यतींतून आलेले शब्द त्यात पावलोपावली आडवे येतात, आणि सगळ्यात जास्त अडवतो तो 'पंटर'. पबचा मालक म्हणतो, विजेचं बिल वाढलं, बिअर महागली, पंटर येईनासे झाले. नाट्यगृहाचा व्यवस्थापक प्रेक्षकांना पंटर म्हणतो. कधी कधी साधा मतदारही पंटर असतो. हा शब्द मराठीत आहेच, मग तसाच ठेवला तर? शिवाय 'फ्लटर', 'दोन घोड्यांची शर्यत', 'डेव्हन लॉक होणं' यांचं तुम्ही मंडळी काय करता?

जिल्हा वार्ताहर :
ताई, तसाच अजिबात ठेवू नका. 'तलाठ्यासह खासगी पंटर लाचलुचपतच्या जाळ्यात' ही बातमी आमच्याकडे नेहमीची. इथे पंटर म्हणजे साहेबाच्या वतीनं पैसे घेणारा. छाप्याच्या बातमीत पोलिसांनी आत पाठवलेलं बनावट गिऱ्हाईकही पंटरच. भाईचा पंटर, पुढाऱ्याचा पंटर हे आणखी वेगळे. 'पबमालकाचे पंटर येईनासे झाले' असं छापलंत तर वाचकाला वाटेल, हप्ता बंद पडला.

जुना रेसकर :
मूळ दोघांचं एकच आहे. पत्त्यांच्या डावात बँकेविरुद्ध, म्हणजे डाव चालवणाऱ्याविरुद्ध, पैसे लावण्याला फ्रेंचमध्ये एक क्रियापद होतं, त्यावरून इंग्रजीत 'पंट' आणि 'पंटर' आले. पुढे शर्यतीत बुकीकडे पैसे लावणारा तो पंटर झाला. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर आम्ही त्याच अर्थानं म्हणतो, आणि क्रिकेटच्या सट्ट्यावर धाड पडली की बातमीत बुकी आणि पंटर अजून जोडीनंच सापडतात.

तिथून पुढे वाट फुटली. इंग्लंडात बुकीचं गिऱ्हाईक हा अर्थ पसरत पसरत कुठल्याही गिऱ्हाइकापर्यंत गेला: पबचं, टॅक्सीचं, वेश्यावस्तीतलंही. आपल्याकडे शब्द गल्ल्याच्या आतल्या बाजूला सरकला आणि धंदा चालवणाऱ्याचा माणूस झाला. पैसे देणारा त्यांनी घेतला, पैसे गोळा करणारा आपण.

भाषांतरासाठी 'ग्राहक' नको. 'ग्राहक' म्हटलं की तक्रार निवारण आयोग डोळ्यांसमोर येतो. पंटर हा दुकानाच्या आतून बाहेरच्या माणसाला लावलेला शब्द आहे. त्यात थोडा जिव्हाळा असतो, थोडी टिंगल असते, आणि हा शेवटी पैसे हरणारच हेही गृहीत असतं. त्याला मराठीत 'गिऱ्हाईक' चपखल बसतं, कारण एखाद्याला 'गिऱ्हाईक करणं' हा अर्थ त्याच्या पोटात आधीपासून आहे.

लिव्हरपूलकर :
'फ्लटर'बद्दल मी लिहितो. 'एन्ट्री' (Aintree) नावाचं शर्यतीचं मैदान आमच्या शहरातच आहे, त्यामुळे एप्रिलमध्ये हा शब्द सतत कानावर पडतो. ग्रँड नॅशनल ही तिथली शर्यत: अंतर जवळजवळ ७ किलोमीटर, उड्या ३०. पूर्वी ४० घोडे धावत, २०२४ पासून ३४. वर्षभर घोड्याकडे ढुंकूनही न पाहणारी आजी त्या शनिवारी नाव आवडलं म्हणून एखाद्या घोड्यावर दोन पौंड लावते. हे झालं फ्लटर. ऑफिसात भिशीसारखं चालतं. सगळ्यांनी पौंड-दोन पौंड काढायचे, घोड्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या उचलायच्या, ज्याचा घोडा जिंकेल त्याला पैसे. त्याला 'स्वीपस्टेक' म्हणतात. त्या पैशाला कोणी जुगार म्हणत नाही, आणि फ्लटर या शब्दाचं काम तेवढंच आहे: जुगाराचा डाग लागू न देणं.

हा डाग पूर्वी कोणाला लागायचा तेही बघा. १९०६च्या कायद्यानं रस्त्यावर रोख पैसे घेऊन पैज लावणं गुन्हा ठरवलं. श्रीमंताचं बुकीकडे खातं असे. तो उधारीवर, घरबसल्या पैज लावी आणि ते कायदेशीर होतं. गोदीतला कामगार मात्र गल्लीच्या तोंडाशी चिठ्ठीत नाणी गुंडाळून बुकीच्या पोऱ्याच्या हातात देई, आणि पकडला जाई तो पोऱ्या. १ मे १९६१ ला पैजेची दुकानं कायदेशीर झाली तेव्हा कुठे हा प्रकार संपला. म्हणून 'पंटर'ला गल्लीचा वास आहे आणि 'फ्लटर'ला चहाच्या कपाचा.

आता २०२४. तेव्हाचे पंतप्रधान सुनक यांनी २२ मे रोजी जाहीर केलं की निवडणूक ४ जुलैला. नंतर उघड झालं की त्यांच्या निकटच्या एका खासदारानं घोषणेच्या काही दिवस आधीच जुलैवर १०० पौंड लावले होते. त्यानं ते मान्य करताना शब्द वापरला 'फ्लटर'. लोक पैशांइतकेच त्या शब्दावर भडकले, कारण आजीच्या दोन पौंडांचा शब्द त्यानं आपल्या खुलाशाला लावला होता. तुमच्या टिपणात तो प्रसंग आला तर 'गंमत म्हणून लावलेले पैसे' असं काही लिहा. नुसतं 'पैज' लिहिलंत तर त्याची लबाडी निसटेल.

प्रश्नकर्ती :
हे फार उपयोगी पडलं. मग 'दोन घोड्यांची शर्यत' म्हणजे 'दुरंगी लढत', एवढं सरळ आहे का?

राज्यशास्त्रवाला :
बहुतेक वेळा हो. आपण निवडणूक लढतो, ते धावतात. आपल्याकडे दुरंगी, तिरंगी, चौरंगी लढत होते, उमेदवार मुसंडी मारतो, बालेकिल्ला ढासळतो. पक्षाची 'घोडदौड' होते तीही शर्यतीच्या मैदानातली वाटत नाही, फौजेतली वाटते. ब्रिटनमध्ये मात्र पुढे असलेला उमेदवार, मानेला मान लावून धावणं, शेवटचा सरळ टप्पा, सगळं कुंपणाबाहेरून दुर्बिणीनं पाहिल्यासारखं.

एक फरक लक्षात ठेवा. 'इथे दोनच घोड्यांची शर्यत आहे' हे तिथे प्रचाराचं हत्यारही आहे. लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या पत्रकांवर हे वाक्य आणि सोबत सोयीस्कर मापाचा स्तंभालेख, ही जोडी चेष्टेचा विषय झाली आहे. अर्थ एवढाच, की तिसऱ्याला मत दिलंत तर ते वाया जाईल. तिथे 'दुरंगी लढत' हे वर्णन पुरणार नाही, 'तिसऱ्याला संधीच नाही' असं उघड लिहावं लागेल.

आणि ती धास्ती खरी ठरते ती ज्या निवडणूक पद्धतीमुळे, तिचं नावही शर्यतीतलंच: 'फर्स्ट पास्ट द पोस्ट', म्हणजे शर्यत संपते त्या खांबापुढे जो आधी गेला तो. मला हे नाव कायम चुकीचं वाटतं. शर्यतीत खांब ठरलेल्या जागी असतो. इथे खांबच नाही; दुसऱ्यापेक्षा एक मत जास्त पडलं की जिंकलात, मग ते २५ टक्के असोत की ६०. २०२४ मध्ये मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्म पक्षाला १४.३ टक्के मतं आणि ५ जागा, लिबरल डेमोक्रॅटना १२.२ टक्के आणि ७२. आपली लोकसभा-विधानसभाही याच पद्धतीनं निवडली जाते. 'सर्वाधिक मतं मिळवणारा विजयी' हे शब्द मूळ नावापेक्षा खरे आहेत, तेच वापरा.

जिल्हा वार्ताहर :
'डार्क हॉर्स'चा 'काळा घोडा' करू नका हो, वाचक थेट मुंबईच्या फोर्टातल्या काळा घोडा भागात जाऊन पोचेल.

जुना रेसकर :
अगदी. त्यातल्या 'डार्क'चा रंगाशी संबंध नाही, ज्याची माहिती कोणालाच नाही असा घोडा. पुढे पंतप्रधान झालेल्या डिझरायलीच्या १८३१च्या कादंबरीत तो शर्यतीच्या प्रसंगात येतो. आपल्याकडे 'छुपा रुस्तम' रुळलेला आहे, तोच घ्या.

लिव्हरपूलकर :
'डेव्हन लॉक' राहिलंच. हे घोड्याचं नाव. १९५६ची ग्रँड नॅशनल, मालकीण राजमाता, आणि स्वार डिक फ्रान्सिस, जो नंतर रहस्यकथाकार म्हणून गाजला. सगळ्या उड्या पार झाल्या होत्या, घोडा स्पष्ट पुढे होता, खांब ५० यार्डांच्या आसपास, आणि घोडा अचानक पोटावर फतकल मारून बसला. ई.एस.बी. नावाचा घोडा पुढे निघून गेला. का बसला, याचं सर्वमान्य उत्तर आजवर नाही. तेव्हापासून जिंकत आलेला संघ किंवा पुढारी शेवटच्या क्षणी विनाकारण कोसळला की त्याचा 'डेव्हन लॉक' होतो.

प्रश्नकर्ती :
'हातातोंडाशी आलेला घास गेला' चालेल?

लिव्हरपूलकर :
अर्धंच. घास कोणीतरी हिरावून नेतो. डेव्हन लॉकला कोणी हात लावला नव्हता. मी तर नाव ठेवून एका वाक्यात गोष्ट सांगेन.

राज्यशास्त्रवाला :
एक सावधगिरी. घोडा दिसला की शर्यतच असेल असं नाही. 'स्टॉकिंग हॉर्स' हा शिकारीतला: घोड्याच्या आडोशानं पक्ष्यांच्या जवळ जायचं. १९८९ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थॅचर यांच्याविरुद्ध पक्षनेतेपदासाठी अँथनी मेयर उभे राहिले ते तसे. निकाल ३१४ विरुद्ध ३३. घोडा कसला, गाढव, अशी त्यांची टरही उडाली. पण वर्षभरात खरा शिकारी, त्यांच्याच पक्षाचा हेझल्टाइन, मैदानात आला आणि थॅचर गेल्या. 'प्यादं पुढे करणं' इथे नीट बसतं.

जिल्हा वार्ताहर :
आणि 'घोडेबाजार'? तो तर दोन्हीकडे आहे.

राज्यशास्त्रवाला :
आहे, पण वजन वेगळं. इंग्रजीत घासाघीस, देवाणघेवाण एवढाच अर्थ होऊ शकतो. दोन पक्ष धोरणांवर बोलत बसले तरी म्हणतात. मराठीत घोडेबाजार म्हटलं की आमदार रिसॉर्टमध्ये. ब्रिटिश बातमीला तो जपून लावा.

प्रश्नकर्ती :
शेवटचा प्रश्न. शर्यतींवरच्या कराच्या बातम्या मी करत होते. सप्टेंबर २०२५ मध्ये करवाढीच्या भीतीनं ब्रिटिश शर्यतवाल्यांनी एक दिवस शर्यती बंद ठेवल्या, आणि नोव्हेंबरच्या अर्थसंकल्पात शर्यतींवरच्या पैजांचा १५ टक्के दर तसाच राहिला, ती बातमी. त्या वाचताना एका स्तंभात दिसलं की अमुक मंत्र्यानं 'ईच-वे' पैज लावली आहे. म्हणजे?

जुना रेसकर :
म्हणजे एकाच घोड्यावर दोन पैजा, एक तो जिंकण्यावर आणि एक पहिल्या काहींत येण्यावर, म्हणजे 'जागे'वर. ५ पौंड ईच-वे म्हणजे खिशातून १० जातात. भाव २०ला १ (एका पौंडावर वीस) आणि जागेसाठी त्याचा चौथाई भाव धरला, घोडा तिसरा आला, तर जिंकण्याचे ५ बुडाले, पण जागेच्या ५ वर २५ मिळाले आणि ते ५ परत आले. हातात ३०.

मंत्र्याच्या बाबतीत 'दोन्ही डगरींवर हात' असं लिहावंसं वाटेल, पण त्यात बेइमानीचा आरोप येतो आणि पडण्याची भीतीही. ईच-वे लावणाऱ्याचा घोडा एकच असतो. तो जिंकलाच नाही तरी रिकाम्या हातानं परतायला नको, एवढीच तजवीज त्यानं केलेली असते. पूर्ण स्तंभ इथे टाका, मंत्री नक्की कुठे उभा आहे ते पाहून ठरवू.