डिसेंबरात ढकलला म्हणजे भरोसा का भीती?

तर्रीपोहा: काल टपरीवर यावरूनच वाजलं म्हणून इथं टाकतो. मार्व्हलचा सुपरहिरोवाला पिक्चर ॲव्हेंजर्स डूम्सडे 1 मे 2026 ला येणार होता, तो 18 डिसेंबरवर नेला. माझं म्हणणं साधं आहे, तारखेवरूनच स्टुडिओच्या पोटातलं कळते. लग्नात जवळच्या पाहुण्याले पहिल्या पंगतीत बसवतात ना, तसं ज्याच्यावर भरोसा त्याले मे-जुलै, बाकीचे फेब्रुवारीत नाहीतर ऑगस्टच्या शेवटी. मे सोडला म्हणजे कुठंतरी पाणी मुरून राहिलं.

सदरचा_पोट्टा: काहून बे, ब्लॅक पँथर 16 फेब्रुवारी 2018 चा होता न, 1.3 अब्ज डॉलरच्या वर कमावले! आन् फ्लॅशले 16 जून 2023, एकदम भर सीझन, तुह्या पहिल्या पंगतीतच बसवला होता, तरी उपाशीच उठला. आणि डिसेंबरात नाताळच्या सुट्ट्या असते, ते काय मागची पंगत हाय का?

खामल्याची_ताई: तुम्ही दोघं महिनाच पाहून राहिले. तारीख किती वेळा हलली ते मोजा. क्रेव्हन आधी जानेवारी 2023, मग ऑक्टोबर, मग ऑगस्ट 2024, शेवटी 13 डिसेंबर 2024 ला अमेरिकेत लागला आणि आपल्याकडे थेट 1 जानेवारीला. मी गेले होते, रात्रीचा शो, कडाक्याची थंडी, हॉलमध्ये आम्ही सात जण आणि त्यातले दोघं इंटरव्हलला जे गेले ते परत आलेच नाहीत. पॉपकॉर्नवाला पोरगा मला विचारतो, मॅडम, याच पिक्चरला ना?

तर्रीपोहा: हे घ्या, ताईंनीच माझी केस जिंकून दिली 😄

सदरचा_पोट्टा: थांब थांब. ऑक्टोबर 2023 वरून हलला तेव्हा हॉलिवूडचे नट संपावर होते, हिरोच प्रमोशनले येत नाही तर पिक्चर लावून करतीन काय? दरवेळी भीतीच असते असं नाही न भाऊ. आणि ह्या तारखा अमेरिकेच्या सुट्ट्या पाहून ठरते. कॅप्टन अमेरिकाचा नवीन पार्ट 14 फेब्रुवारी 2025 ला आला, तिकडे प्रेसिडेंट्स डेचा लाँग वीकेंड, इकडे त्याच दिवशी छावा! मी कॅप्टनची तिकिटं काढली तर घरचे सगळे बाजूच्या स्क्रीनले, मी एकटाच इकडे.

खामल्याची_ताई: संपाचं मान्य. पण तोच कॅप्टन आधी मे 2024 चा होता हे विसरू नको, आणि मधे परत शूटिंगही झालं होतं. मी तर एकच बघते, रिव्ह्यू कधी बाहेर येऊ देतात. आदल्या दिवसापर्यंत सगळे चिडीचूप असले की मी तिकीट काढतच नाही, क्रेव्हननंतर तर नाहीच.

तर्रीपोहा: बरं, पण डूम्सडेचं काय? त्याच दिवशी ड्यूनचा तिसरा भागही आहे म्हणे, म्हणजे अंगात दम असल्याशिवाय...

सदरचा_पोट्टा: आता कसा पलटला बे! दम त्यायचा पाहू, तू पार्किंगचं पाय. डिसेंबरात आपल्या नागपुरात विधानसभेचं अधिवेशन राहते, मोर्चे निघाले का अर्धी बर्डी बंद. मी तर सकाळचा पहिलाच शो पाहीन.