राणीच्या बागेतला दगडी हत्ती

नातवाला ऐनवेळी सोबत घेऊन दिवसभर मुंबईच्या लोकलने हिंडवलंत, ही तुमची पोस्ट वाचून फार छान वाटलं! पुढच्या वेळी भायखळ्याला उतरून राणीच्या बागेत न्या. बुधवार तेवढा टाळा, बाग बंद असते. पेंग्विन मुलं बघतातच, पण शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती आवर्जून दाखवा. तो मूळचा घारापुरी (एलिफंटा) बेटावरचा. इंग्रजांना तो विलायतेला न्यायचा होता, पण उचलताना पडून फुटला. मग तुकडे मुंबईत आणून जोडले. आमची नात तिथून हलेचना. "आजी, त्याला दुखलं असेल का गं?" पेंग्विनपेक्षा तिला तोच जास्त आवडला. आता ती घारापुरीच्या लाँचसाठी मागे लागली आहे, आणि मला न्यायचंच आहे तिला, पावसाळा सरला की लगेच.