रंगरुटाला रायफल चालते, मग बिअर का नाही?

सत्तरीकर
आधी मत मांडतो, मग खुशाल शिव्या घाला. गोव्यात दारूचं कायदेशीर वय २१. अग्निपथ योजना (चार वर्षांची सैन्यभरती; त्यातला जवान तो अग्निवीर) २०२२ मध्ये जाहीर झाली तेव्हा भरतीचं वय साडेसतरा ते २१ ठरलं (पहिल्या वर्षापुरतं २३ केलं होतं). म्हणजे ट्रेनिंगमधला जवळजवळ प्रत्येक अग्निवीर गोव्याच्या हिशेबाने दारूसाठी लहान. मतदानाला मोठा, रायफलीला मोठा, सीमेवर जायला मोठा, फक्त ग्लासभर बिअरला लहान! १८ पूर्ण झालेल्या जवानाला निदान बिअरची तरी मुभा असावी.

बंदीने पिणं थांबत नाही, उलट ढोसणं वाढतं. परवा पणजीत बाजाराजवळच्या एका बारमध्ये जेवत होतो. शेजारी तीन पोरं येऊन बसली. डोक्यावर बारीक मशीन, कपाळावर टोपीखालचा गोरा पट्टा. कुठली, ते विचारलं नाही. आउटपास (बाहेर जायची परवानगी) संपत आला असावा, कारण एकाचं लक्ष सारखं घड्याळाकडे. बिअरमध्ये क्वार्टर ओतली आणि गटागटा संपवली. खायला नुसते शेंगदाणे. मग एकाने खिशातून पेरूची पानं काढली आणि वास लपवायला तिघेही चघळत बसले. पानं आधीच खुडून आणलेली! हीच पोरं उघडपणे, पोटभर जेवून, एकेक बिअर प्यायली असती तर काय बिघडलं असतं?

माजी_हवालदार
सीमेवर जायला मोठा? नाही. १८ पूर्ण झाल्याशिवाय लढाईच्या भागात पाठवत नाहीत. भारताने आंतरराष्ट्रीय करारात तसं लिहून दिलंय.

आणि मुभा कुणाकडे मागताय? अबकारी खात्याने उद्या वय १८ केलं तरी त्या तिघांची सुटका नाही. आर्मी ॲक्ट १९५०, कलम ४८: नशेत सापडला की गुन्हा, ड्युटीवर असो वा नसो. वय कुणी विचारत नाही. जवानाला दोन वर्षांपर्यंत कैद, ड्युटीवर नसेल तर कमाल सहा महिने. प्रत्यक्षात रंगरुटाचं प्रकरण सहसा तिथवर जात नाही, उस्तादच (शिकवणारा) पाठीवर पिठ्ठू, म्हणजे जड पिशवी, चढवून मैदानात रगडा देतो, दमेपर्यंत पळवतो. पलटणीत गेल्यावर रम मिळते, बडाखान्याला (पलटणीच्या मोठ्या जेवणाला) मिळते, कोण नाही म्हणतं? पण ट्रेनिंग सेंटरमध्ये थेंब नाही. पहाटे पीटीला पळायचं असतं, दुपारी रेंजवर हातात भरलेली रायफल असते. बांबोळीच्या लष्करी कॅम्पातल्या उन्हात एक दिवस धावून बघा, मग बोलू.

खरी गोष्ट पुढेच आहे. आमच्या वेळी पोराच्या कागदावर लाल शाईची (शिक्षेची) एखादी नोंद लागली तर पंधरा वर्षांच्या नोकरीत ती मागे पडायची. अग्निवीराला चार वर्षं, आणि कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. ते ठरणार चार वर्षांच्या रेकॉर्डवर. चौघांतल्या एकाला जागा आणि बाकी तिघं बरोबरीचे असतील तर त्या रविवारच्या बिअरची किंमत किती, ते सांगा. अशा वेळी मुभा मागणं म्हणजे पोराला खड्ड्याकडे बोट धरून नेणं.

उसगावचा_पोरगा
हवालदार साहेब, मान्य, पण सत्तरीकरांचा मुद्दा वेगळा आहे. गोव्यातल्या किती घरांत पोरगं २१ पर्यंत थांबतं? सर्दी झाली की आजीच चमचाभर फेणी चोळते आणि अर्धा चमचा पाजतेही. उन्हाळ्यात हुर्राक (काजूची हंगामी दारू) आली की अख्ख्या वाड्याला कळतं. मतदानाचं वयही आधी २१ होतं, ६१व्या घटनादुरुस्तीने १८ केलं. तेव्हा आभाळ कोसळलं का?

नाव_नको
लग्नालाही मुलाला २१ लागतात. तेही १८ करायचं का? सैनिक झाला म्हणून सगळ्याच बाबतीत मोठा होत नाही कुणी.

दोडामार्गची_आई
तुम्ही १८ की २१ यावर भांडताय. माझा मुलगा भरती झाला तेव्हा त्याला १८ व्हायला चार महिने होते. फॉर्मवर पालकाची सही लागते, ती मी केली. भरतीच्या तयारीला वर्षभर पहाटे चारला उठवायचे, अंडी उकडून द्यायचे.

१८च्या आतल्या मुलाला दारू देणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. ती शिक्षा देणाऱ्याला आहे, पिणाऱ्याला नाही. सत्तरीकर, तुमच्या शेजारच्या टेबलावर कुणी साडेसतराचा नव्हता हे तुम्हाला कसं कळलं? वेटरला तरी कसं कळलं? त्याने विचारलं का?

सत्तरीकर
नाही विचारलं. मीही नाही विचारलं. पण ताई, तुमचा मुद्दा मलाच पूरक आहे. रगडा पोराला, लाल शाई पोराला, आणि बारवाल्याला काय? कायदा पाळायचाच नसेल तर २१चा आकडा पाटीवर रंगवून ठेवायचा कशाला?

ओहायोतला_फोंडेकर
इकडे अमेरिकेत हा वाद जुना. व्हिएतनामच्या काळात "लढायला चालतो तर मत का नाही" म्हणत १९७१ मध्ये मतदानाचं वय १८ केलं. त्याच वाऱ्यात बऱ्याच राज्यांनी दारूचं वयही खाली आणलं. मग पोरांचे गाडीचे अपघात वाढले. १९८४ मध्ये केंद्राने कायदा केला: वय २१ करा, नाहीतर रस्त्यांचा निधी कापू. शेवटी सगळी राज्यं वळली. लष्करी तळही साधारणपणे त्या त्या राज्याचंच वय पाळतात, सैनिक म्हणून वेगळी सूट नाही. ब्रिटनमध्ये सोळाव्या वर्षी सैन्यात घेतात, पण दुकानातून बिअर घ्यायला १८ लागतात. म्हणजे रायफलीचं वय आणि ग्लासाचं वय एकच हवं, असं जगात फारसं कुणी धरलेलं नाही. तरी तरुण सैनिक पितात का? पितात. खोल्यांत लपून पितात आणि सोमवारी पकडले जातात.

उसगावचा_पोरगा
म्हणजे २१ करूनही पितातच. मग माझंच खरं.

ओहायोतला_फोंडेकर
पितात, पण अपघात कमी झाले. हेल्मेटसक्तीनंतरही लोक पडतातच, म्हणून हेल्मेट काढून टाकायचं का?

उसगावचा_पोरगा
गोव्यात तर तसंही कोण घालतो 😄

माजी_हवालदार
हसण्यावारी नेऊ नका. सुटीवर आलेली पोरं भाड्याची स्कूटर घेतात, पितात आणि रात्री मांडवीच्या पुलावरून सुसाट सुटतात. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. तिथे उस्ताद नसतो, पोलीस असतात, आणि केस युनिटला कळते. घरच्यांनाही तेव्हाच कळतं.

बारवालो_म्हापसा
सगळे बारवाल्यावर घसरलात म्हणून बोलतो. रविवारी गिऱ्हाईक तुंबलेलं असतं. आधार मागितलं तर "फोनात आहे" म्हणतात, फोन मागितला तर "सेंटरमध्ये जमा आहे" म्हणतात. मी नाही म्हणालो तर पोरगा पुढच्या बारमध्ये जातो, तिथे मिळते. माझं बिल बुडतं आणि पोरगं पितंच. तरी अलीकडे मशीन मारलेलं डोकं दिसलं की मी लिंबूसोडा पुढे करतो. शेजारचा मात्र क्वार्टर देतो, आतलं दिसू नये म्हणून ग्लास स्टीलचा.

दोडामार्गची_आई
मग शेजारच्याची अबकारी खात्याकडे तक्रार करा ना! लायसन्स रद्द झालं की दहा जण सुधारतील.

बारवालो_म्हापसा
ताई, त्याच्याकडे आम्ही चवथीला जेवायला जातो. तक्रार तुम्ही करा.

दोडामार्गची_आई
करते. बारचं नाव आणि रविवारची वेळ मला मेसेजमध्ये पाठवा. तुमचं नाव घालणार नाही.

सत्तरीकर
ताई, बाजाराजवळच्या त्या बारचंही मी पाठवतो. माझं १८चं मत मात्र तसंच आहे, बरं का.